मोडायचेच असेल तर नीट मोडा!

आमच्या शेतकरी आणि कारागीर घरांत मुलीचे लग्न लावून देण्यासाठी जी धडपड होते, तिच्या शंभराव्या हिश्शाइतकी धडपडही बिघडलेले लग्न नीट मोडून देण्यासाठी होत नाही. लग्न म्हटले की बाप कर्ज काढतो, भाऊ बैल विकतो, चुलते-मामे आठ-आठ दिवस राबतात, याद्या होतात, देणेघेणे पै-पैशाने लिहिले जाते. तेच लग्न पुढे विस्कटले आणि मुलगी गाठोडे घेऊन माहेरी आली की साऱ्यांची वाचा बसते. कोणी म्हणतो, "चार दिवस राहू द्या, राग निवळेल." कोणी म्हणतो, "नशिबाचे भोग आहेत, दुसरे काय!" चार दिवसांचे चार महिने होतात, चार महिन्यांची चार वर्षे होतात, आणि ती पोर ना सासरची ना माहेरची अशी लोंबकळत राहते. या लोंबकळण्याविषयी आज आम्हांस आमच्या वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

अशा मुलीची स्थिती कोणास सांगावयास नको. ती भावाच्या रानात दिवसभर खपते, पण तिच्या राबण्याचा हिशेब कोठे लिहिला जात नाही. सणाला ओवाळावयास ती चालते, पण शुभकार्यात तिला मागे उभे राहावे लागते. नवरा पोटगी देत नाही आणि मोकळीही करीत नाही. पुष्कळदा तो दुसरी बायको घरात आणतो. मुंबई इलाख्यात १९४६ च्या कायद्याने, आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने साऱ्या देशात, हिंदू नवऱ्याला पहिली बायको असता दुसरे लग्न करण्याची बंदी झाली. त्यामुळे त्या दुसरीलाही कायद्याने बायकोचा दर्जा मिळत नाही. म्हणजे एका पुरुषाच्या टाळाटाळीपायी दोन बायकांच्या जन्माची माती! आणि न्यायाने बोलावयाचे तर उलट बाजूही सांगितली पाहिजे. पटत नाही म्हणून बायको निघून गेली, परत येत नाही आणि सोडचिठ्ठीही देत नाही, अशा तरुण शेतकऱ्याचेही आयुष्य असेच कुजत पडते. कुजण्याचा वास दोन्ही घरांना सारखाच येतो.

मग एके दिवशी राग अनावर होतो आणि दोन्ही पक्ष कोर्टाची पायरी चढतात. ती पोटगीचा अर्ज करते. तो "नांदावयास पाठवा" म्हणून दावा लावतो. ती छळाची फिर्याद देते. तो घटस्फोटाचा दावा टाकतो. एका मोडक्या संसाराचे चार खटले होतात, दोन गावच्या कोर्टांत होतात, आणि प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या पडतात. तारखेचा एक दिवस म्हणजे काय, हे ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच कळते. लोहाराचा भाता त्या दिवशी थंड राहतो, विणकराचा माग बंद राहतो, ऐन पेरणीत शेतकऱ्याची वापशाची वेळ जाते, मजुराची मजुरी बुडते. वर एसटीचे भाडे, वकिलाची फी, झेरॉक्सचे पैसे. आणि एवढे करून तालुक्याला पोहोचावे तो कळते की आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात भटभिक्षुकांबरोबरच सरकारी कचेऱ्यांतून शेतकरी कसा नागविला जातो, हेही उघडे करून दाखविले. त्या काळच्या कचेऱ्या गेल्या, पण हेलपाटे गेले नाहीत.

हे सारे आम्ही का सोसतो? विचारले तर उत्तर येते, "अब्रूसाठी." आमच्या घरात घटस्फोट झाला असे लोकांनी म्हणू नये म्हणून. तेव्हा ही अब्रू आली कोठून, ते एकदा पाहिले पाहिजे. लग्न म्हणजे सात जन्मांची गाठ, ती नवरा मेल्यावरही बाईला सुटत नाही, हे शास्त्र ज्यांनी लिहिले त्यांनी ते पोथीत लिहिले. आमच्या कुणब्याच्या, धनगराच्या, कुंभाराच्या, साळ्याच्या घरांत मात्र काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट होता, मोहतूर होता. पंचांपुढे गवताची काडी मोडली की संसार मोडला असे समजत. आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अंमलदाराने दख्खनमधील जातींच्या रूढी गोळा करून १८२७ साली छापल्या, त्यांतही पाटाची आणि सोडचिठ्ठीची नोंद आहे. पाटाच्या बाईला पहिल्या लग्नाच्या बाईइतका मान नसे, हेही खरे. पण तिला जगण्याचा दुसरा रस्ता तरी होता. पुढे आमच्यातील काही घरे सुखवस्तू झाली आणि आपण वरच्यांसारखे दिसावे अशी त्यांना हौस आली. तेव्हा त्यांनी पहिले काम कोणते केले? बायकांचा पाट बंद केला आणि त्याला कुलीनपणा म्हणू लागले! आज ज्या अब्रूपायी आम्ही आपल्या लेकींना कुजवत ठेवतो, ती अब्रू आमच्या वाडवडिलांची नव्हे. ती उसनी आणलेली आहे, आणि तिचे व्याज आमच्या लेकी फेडीत आहेत.

ही बेडी तोडण्यासाठी मोठमोठ्या माणसांनी झुंज दिली. १९१९ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागविण्यास आळा घालणारा कायदा केला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. मुंबई इलाख्यात तो १९४७ साली आला. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले, आणि ते रखडविले गेले हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. १९७६ साली त्यात आणखी एक कलम घातले गेले, ते म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाचे. दोघांनी मिळून, कोणी कोणावर चिखल न फेकता, "आमचे जमत नाही, आम्हांस मोकळे करा" असे कोर्टाला सांगावयाचे. जी गोष्ट आमच्या आजोबांच्या पंचांपुढे होत असे, ती आता कायद्याच्या शिक्क्याने होऊ लागली.

येथे कोणी म्हणेल, "मग पूर्वीचे पंचच काय वाईट होते? गावात बसून मिटवून टाकू." बंधूंनो, येथेच सावध राहिले पाहिजे. जुन्या रूढीतील मोकळीक आम्हांस प्यारी आहे. जुना पंच आम्हांस प्यारा नाही. त्या बैठकीत कोण बसत असे? बाईचा बाप बसे, सासरा बसे, जातीचे चार पागोटेवाले बसत, आणि जिच्या जन्माचा निकाल लागावयाचा ती बाई दाराआड उभी असे. पंचांचा शब्द म्हणजे हुकूम. दंड बसे तो पंच वाटून घेत किंवा त्याचे जेवण होई. न मानणाऱ्याचे हुक्कापाणी बंद. हा सलोखा नव्हे, ही दंडेली होय. मुंबई हायकोर्टाने १८७६ सालीच ठरविले की, लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार जातीला नाही. आणि जात पंचायतींनी माणसे वाळीत टाकण्याचे सोडले नाही म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

दुसरी फसगत स्टॅम्पपेपरची. पुष्कळ गावांत अजून अशी समजूत आहे की, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत लिहिली, दोघांच्या सह्या-अंगठे घेतले, नोटरीचा शिक्का मारला, की काम झाले. काम झालेले नसते. १९५५ च्या कायद्याने जुन्या रूढीतला घटस्फोट राखून ठेवला आहे, हे खरे. पण ती रूढी आपल्या जातीत खरोखर आणि पूर्वापार चालत आली आहे, हे कोर्टात सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच पुन्हा स्पष्ट सांगितले. ते सिद्ध न झाल्यास तो कागद रद्दीचा. मग त्या कागदाच्या भरवशावर बाईने दुसरा संसार मांडला असेल, तर तो संसारही वाळूवर उभा. पुढे जमिनीचा वारसा निघाला, पेन्शन निघाली किंवा भांडण निघाले, की त्या शंभर रुपयांची खरी किंमत कळते.

तर मग मार्ग कोणता? वर्षानुवर्षे चालणारा खटला नको, पागोटेवाल्यांची दंडेली नको, स्टॅम्पपेपरची फसवणूक नको. आमचे मत असे की, मार्ग मध्यस्थीचा आहे. मात्र ती मध्यस्थी म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे.

मध्यस्थ हा न्यायाधीश नव्हे आणि पंचही नव्हे. त्याला निकाल देण्याचा अधिकारच नाही. तो दोघांना एका खोलीत बसवितो, दोघांचे ऐकून घेतो. मग नवऱ्याला वेगळे भेटतो, बायकोला वेगळे भेटतो, आणि खरे दुखणे कोठे आहे ते काढतो. पुष्कळदा भांडण "मला नांदवीत नाही" असे दिसते आणि दुखणे अंगावरच्या सोन्याचे असते. किंवा भांडण सोन्याचे दिसते आणि दुखणे लेकराच्या ताब्याचे असते. तेथे जे बोलले जाईल ते गुप्त राहते. पुढे खटला चालला तरी ते कोर्टात पुरावा म्हणून आणता येत नाही. जमले तर अटी लिहून दोघांच्या सह्या होतात आणि तो कागद कोर्टापुढे जातो. न जमले तर कोणाचे काही गेले नाही; दावा होता तेथून पुढे चालू होतो. कोणासही केव्हाही उठून जाता येते. पंचांपुढून असे उठून जाण्याची कोणाची छाती होती?

ही सोय कोणी उपकार म्हणून करीत नाही. ती कायद्याने आलेली आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने असा खटला आला की प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. त्याच कायद्याने तेथे वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क ठेविला नाही, म्हणजे गरिबाने आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगावे अशी योजना केली. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालय हे काम पाहते. दिवाणी कज्जे मध्यस्थीकडे पाठविण्याचे कलम २००२ पासून अमलात आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नवरा-बायकोचे तंटे लवकरात लवकर मध्यस्थीकडे न्यावेत आणि दावा दाखल होण्यापूर्वीही मिटविता यावेत म्हणून मध्यस्थी केंद्रांनी सोय करावी. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला आणि त्याची काही कलमे त्याच वर्षी अमलात आली. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मध्यस्थी केंद्र असते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. शिवाय १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने महाराष्ट्रात बायकांना पोटगी, घटस्फोट, छळ आणि मालमत्ता यांच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. ही माहिती प्रत्येक चावडीवर मोठ्या अक्षरांत लागावयास हवी होती. लागली आहे काय?

आता एक खरा आक्षेप आहे, तो दडवून चालणार नाही. पुष्कळ भगिनी म्हणतात, "मध्यस्थी म्हणजे गोड बोलून पुन्हा त्याच घरी मार खावयास पाठविणे." हा आक्षेप पोकळ नाही. शेतकऱ्याला समेटाचा कडू अनुभव जुना आहे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्यात सावकाराने कोर्टात जाण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जावे अशी तजवीज होती. पण एका बाजूस खातेवही बाळगणारा सावकार आणि दुसऱ्या बाजूस अक्षरशत्रू कुणबी, असा सामना असेल तर 'सलोखा' या गोड शब्दाने काय होणार? ज्याच्या हातात वही, त्याचाच सलोखा! तीच गोष्ट नवरा-बायकोची. एका बाजूस घर, जमीन, पैसा, भाऊबंद आणि दुसऱ्या बाजूस दोन लुगडी नि एक लेकरू. अशा बैठकीत समानता आपोआप येत नाही, ती आणावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तेथे आधी संरक्षण आणि मग बोलणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा हुकूम मागता येतो; त्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. तो हुकूम हातात आल्याखेरीज तिने बैठकीला बसू नये. बसलीच तर वेगळ्या खोलीत, आपल्या विश्वासाची बाई आणि आपला वकील जवळ घेऊन बसावे. "नांदावयास जाणार नाही" एवढे तिने सांगितले की त्या विषयावरचे बोलणे संपले पाहिजे. पुढचे बोलणे फक्त मोकळे कसे व्हावयाचे याचे. मध्यस्थाने तिला नांदण्याचा उपदेश चालविला तर तिने उठून कोर्टाला तसे कळवावे. संसार जोडणे हे पुण्य खरे. पण फुटलेल्या रांजणाला चिखल लावून त्यात पाणी भरणे हे पुण्य नव्हे.

तसेच बैठकीला जाताना रिकाम्या डोक्याने जाऊ नये. लग्नाची यादी जशी लिहिली तशी मोडण्याचीही यादी लिहावी. लग्नात मुलीला काय दिले? सोने किती, भांडी किती, शिलाईचे यंत्र, शेळी, गाय, जे असेल ते. हे स्त्रीधन आहे, ते तिचे आहे, ते मागण्यात भीक नाही. पोटगी दरमहा घ्यावयाची की एकरकमी? एकरकमी असेल तर हप्ते किती आणि कोणत्या तारखांना? शेतकऱ्याचा पैसा पिकावर येतो, म्हणून ऊस गेल्यावर किंवा कापूस विकल्यावर हप्ता, असेही ठरविता येते. पण तारीख आणि आकडा लिहिलाच पाहिजे. "हाती आले की देईन" या शब्दाला कोर्टात कवडीची किंमत नाही.

जमिनीविषयी एक गोष्ट आमच्या लेकींना कोणी सांगत नाही. नवरा जिवंत असता त्याच्या जमिनीत बायकोला आपोआप वाटा मिळत नाही. तिच्या खुरप्याने ते रान वीस वर्षे फुलविले असले तरीही नाही. म्हणून घर किंवा जमिनीचा तुकडा द्यावयाचे ठरले, तर गट नंबर आणि क्षेत्र लिहून घ्यावे. दस्त नोंदवावा लागेल की कसे ते वकिलास विचारावे, आणि सातबाऱ्यावर फेरफार होऊन नाव चढेपर्यंत स्वस्थ बसू नये. लेकरांविषयी तर अधिक जपावे. लेकरू कोणाजवळ राहील, दुसऱ्याला केव्हा भेटेल, दिवाळीची सुट्टी कोणाकडे, शाळेची फी कोण भरील, हे सारे लिहावे. लेकराच्या पोटाचा हक्क लेकराचा आहे. आईने रागाच्या भरात "मला काही नको" म्हटले म्हणून बापाची लेकराविषयीची जबाबदारी सुटत नाही. आणि छळाची फौजदारी फिर्याद झाली असेल तर "फिर्याद मागे घेतली" एवढे लिहिल्याने ती संपत नाही. ती रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो कोणी, कोणाच्या खर्चाने आणि केव्हा करावयाचा, हेही कागदात यावे.

कागद पुरा झाला की तो वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. एकदा नव्हे, दोनदा. ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही त्याखाली अंगठा उठवू नये. अंगठा एका पळात उठतो, तो पुसावयास जन्म पुरत नाही, हे कर्जरोख्यांनी आपल्या बापजाद्यांना शिकविले आहे.

आणि हेही ध्यानात ठेवावे की, मध्यस्थीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. घटस्फोटाचा हुकूमनामा कोर्टच देते. परस्पर संमतीने मागावयाचा तर दोघे निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. मग अर्ज करावयाचा, सहा महिने थांबावयाचे, आणि दुसऱ्या वेळी दोघांनी पुन्हा संमती सांगावयाची. तोपर्यंत कोणासही आपली संमती परत घेता येते, म्हणून सगळी रक्कम हुकूमनाम्याआधीच हातची सोडू नये आणि सगळी मागेही ठेवू नये. काही पहिल्या अर्जाला आणि उरलेली शेवटच्या तारखेला, अशी वाटणी शहाणपणाची. वेगळे राहून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला असेल आणि पोटगी, लेकरू, देणेघेणे सारे मिटले असेल, तर हे सहा महिने माफ करण्याचा विचार कोर्टाला करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. म्हणजे जे आधी नीट बसून मिटवितात त्यांचा वेळही वाचतो.

आमच्या मुसलमान कारागीर बंधूंनाही यात सांगण्यासारखे आहे. पिंजारी, मोमीन, आतार यांची घरे आमच्याच आळीत आहेत आणि त्यांच्या लेकींचे दुःख निराळे नाही. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न करावा, ही शिकवण त्यांच्या धर्मातच आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, योग्य कारण आणि असा प्रयत्न यांच्यावाचून दिलेला तलाक खरा नव्हे. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला रस्त्यावर काढणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरले. हमीद दलवाई यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, ते याच दुःखाच्या पोटी. जोतीरावांचा 'सत्यशोधक' हा शब्द त्यांनी उगाच घेतला नव्हता.

आता थोडे आमच्या समाजाच्या कर्तव्याविषयी. सरकारचा दोष काढणे सोपे आहे आणि तो काढलाच पाहिजे. मध्यस्थीची खोली जिल्ह्याच्या गावी आणि बाई डोंगरापलीकडच्या वाडीत, असे असेल तर ती सोय कागदावरची. प्रत्येक तालुक्यास, आणि बाजारच्या दिवशी, ही बैठक झाली पाहिजे. मध्यस्थ आमची बोली जाणणारा पाहिजे. खानदेशातील बाई अहिराणीत रडते आणि मध्यस्थ तिला पुस्तकी मराठीत समजावतो, यात मन मोकळे होणार कसे? बाईमध्यस्थ हव्यात, आणि त्या आमच्या घरांतून आलेल्या हव्यात. मध्यस्थाचे शिक्षण चाळीस तासांचे असते. आमच्या शेतकऱ्यांच्या, शिंप्यांच्या, न्हाव्यांच्या ज्या लेकी वकील झाल्या आहेत, त्यांनी हे शिक्षण घेऊन या खुर्च्यांवर बसावे. कचेरीत आपला माणूस नसला की काय होते, हे सांगण्यात या चळवळीची कित्येक वर्षे गेली. ते मध्यस्थीच्या खोलीलाही लागू आहे.

पण सरकारच्या आधी घर आहे. मुलगी माहेरी आली की बापाने आणि भावाने तिला पहिला प्रश्न "काय चुकलीस?" असा विचारू नये, "तुला काय पाहिजे?" असा विचारावा. तिला परत जावयाचे असेल तर सन्मानाने जाण्याची वाट करावी. जावयाचे नसेल तर सहा महिन्यांच्या आत तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज पडला पाहिजे, वर्षानुवर्षे वाट पाहणे नको. आणि मुलाच्या बापाने हे ओळखावे की, सुनेला कुजवून आपल्या घराण्याची शान वाढत नाही. तिचे तिला देऊन, लेकराचे लेकराला देऊन, तोंड गोड नाही तरी निदान स्वच्छ ठेवून वेगळे होण्यात खरी माणुसकी आहे.

सत्यशोधकांनी १८७३ साली भटाविना लग्ने लावून दाखविली, तेव्हा लोकांनी म्हटले, धर्म बुडाला. धर्म बुडाला नाही. फक्त लग्न दोन माणसांच्या शब्दावर उभे राहते, मंत्रावर नव्हे, हे सिद्ध झाले. जे शब्दावर उभे राहिले ते शब्दानेच, समोरासमोर बसून, मोकळे करता आले पाहिजे. शेतकरी बंधूंनो, बैलजोडीतला एक बैल अडला तर तुम्ही जू उतरविता. दोघांच्या माना मोडेपर्यंत हाकीत नाही. मुक्या जनावराला जो न्याय तुम्ही देता, तो आपल्या लेकीला आणि आपल्या सुनेला द्या, एवढेच आमचे मागणे आहे.